ड जीवनसत्त्व: रिपोर्टातला आकडा आणि खुर्चीतून उठणं

ओसरी

गेल्या वर्षभरात आईची एक लकब आम्हा सगळ्यांच्या अंगवळणी पडली होती. खुर्चीतून उठायचं झालं की ती आधी पुढे सरकायची, दोन्ही तळवे मांड्यांवर टेकवायची आणि आपल्याच मांड्यांवरून हातांनी चढत गेल्यासारखी उभी राहायची. चालताना दोन्ही बाजूंना थोडी डोलायची. एकाहत्तरी उलटलेली बाई, गुडघेच असणार, हे निदान आम्ही घरीच करून टाकलं. गुडघ्यांचे एक्सरे झाले, त्यात वयाला साजेशी झीज निघाली, सगळ्यांचं समाधान झालं. मग मलम, पट्टा आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या.

चार महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी गुडघ्याला हातही लावला नाही. म्हणाले, "हात छातीशी बांधा आणि उठून दाखवा." आईने तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा परत खुर्चीत बसली. मग त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला तर ती कळवळली. "नक्की दुखतं कुठे?" असं त्यांनी विचारलं तेव्हा आईने मांड्या, खुबे आणि कंबर दाखवली. गुडघा तिने दाखवलाच नाही. वर्षभरात आम्ही तिला हा प्रश्न विचारलाच नव्हता.

ड जीवनसत्त्व ६ नॅनोग्रॅम आलं. अल्कलाइन फॉस्फटेज (हाडांशी संबंधित एक विकर) वाढलेलं, पॅराथायरॉइड संप्रेरक (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढलेलं, कॅल्शियम कसंबसं काठावर. निदान ऑस्टिओमलेशिया, म्हणजे अस्थिमृदुता. लहान मुलांना मुडदूस होतो, त्याचाच हा मोठ्यांमधला भाऊ. कारणं दोन. पडायच्या भीतीने तिचं घराबाहेर जाणं जवळजवळ बंद झालं होतं, आणि फिट्ससाठी ती वीस वर्षं फेनिटॉइन घेते आहे. त्या गोळीमुळे यकृत ड जीवनसत्त्वाचा नेहमीपेक्षा लवकर निचरा करतं, हे आम्हाला तेव्हाच कळलं.

धागा काढायचं कारण वेगळंच आहे. नातेवाइकांना हे सांगितलं तर दोनच प्रतिक्रिया येतात. एक, "हल्ली सगळ्यांचंच कमी येतं, धंदा आहे नुसता." दोन, "अगं मग मोठा डोस घ्या, आम्ही दर वर्षी कोर्स करतो, तरतरी येते." मला दोन्ही पटत नाहीत, पण नीट उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी लिहावं.

कोरा_कागद

आईंना लवकर बरं वाटो. माझं १९ आलंय, शेजारी लाल बाण. थकवा आहे, केस गळतात, झोप नीट नाही. बाण बघितल्यापासून थकवा वाढलाय असंही वाटतंय. तुमच्या आईंच्या ६ आणि माझ्या १९ मध्ये फरक आहे की मी त्याच रस्त्यावर आहे?

तिरकस

कागदराव, तुम्ही रस्त्यावर नाही, दुकानात आहात.

थकवा, केस, झोप ही यादी कुठल्याही आजाराला चिकटते. आधी आकडा आला आणि मग त्याच्यासाठी आजार शोधायला सगळे निघाले. व्हायटल नावाची चाचणी वाचा. २५,८७१ माणसं, निम्म्यांना रोज २००० युनिट, निम्म्यांना खोटी गोळी, पाच वर्षांहून जास्त काळ. कर्करोग कमी झाला नाही, हृदयविकार कमी झाला नाही. २०२२ मध्ये त्याच चाचणीचे हाडं मोडण्याचे आकडे आले, त्यातही फरक नाही. हे म्हणजे भरल्या पोटी पंगतीला बसवून "जेवणाने ताकद येत नाही" हे सिद्ध केल्यासारखं आहे असं कुणी म्हणायच्या आत मीच म्हणतो: हो, त्यातल्या बहुतेकांची पातळी मुळात बरी होती. पण आपल्यापैकी बहुतेकांचीही असेल!

ओसरी, तुमच्या आईंची गोष्ट वेगळी आहे. तो खरा आजार.

परीक्षानळी

जीवरसायनाच्या प्रयोगशाळेत काम करतो, डॉक्टर नाही. तेवढ्यापुरतं लिहितो.

कातडीत तयार झालेलं किंवा गोळीतून आलेलं ड आधी यकृतात जातं. तिथे त्याचं २५-हायड्रॉक्सी ड होतं. हा साठा, रक्तात दोन-तीन आठवडे टिकतो. मग मूत्रपिंड त्यातून गरजेपुरतं कॅल्सिट्रायॉल बनवतं, म्हणजे १,२५-डायहायड्रॉक्सी ड. खरं काम हे करतं. आतड्यातून कॅल्शियम ओढून घ्यायचं ते ह्याच्याच जोरावर. पण ते काही तासांत संपतं.

आता गंमत ऐका. साठा कमी झाला की पॅराथायरॉइड ग्रंथी मूत्रपिंडाला दामटते आणि कॅल्सिट्रायॉल नॉर्मल राहतं, कधी कधी वाढतंसुद्धा. चुकून ही दुसरी तपासणी लिहिली गेली तर खंगलेल्या माणसाचा रिपोर्ट छान येतो. आमच्याकडे महिन्यातून एखादी तरी चिठ्ठी अशी येते आणि आम्ही फोन करून विचारतो. म्हणून रिपोर्टावर '२५-हायड्रॉक्सी' लिहिलंय ना, ते आधी बघा.

दुसरं, एकक. काही ठिकाणी मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये लिहितात, काही ठिकाणी लिटरमागे नॅनोमोलमध्ये. नॅनोग्रॅमला अडीचने गुणलं की नॅनोमोल. ४५ नॅनोमोल म्हणजे १८ नॅनोग्रॅम. परदेशातल्या भावाचं ६०, माझं २४, म्हणून एक बाई रडकुंडीला आल्या होत्या. दोघांचं सारखंच होतं.

आणि केसा-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देताना सांगा. काही पद्धतींमध्ये त्यामुळे आकडा खोटाच वाढलेला दिसतो. कोरा_कागद, केस गळतात म्हणालात म्हणून सांगितलं.

कोरा_कागद

अरेच्चा. घेतोय खरं बायोटिन. म्हणजे १९ पण खरे नाहीत?

परीक्षानळी

पद्धतीवर अवलंबून आहे, सगळ्या मशीनना त्याचा त्रास होत नाही. डॉक्टरांना विचारून काही दिवस बंद ठेवा आणि मग रक्त द्या. पण त्याआधी पुन्हा तपासायची गरज आहे का हेही विचारा.

निशाचर७

माझी बाजू थोडी डॉक्टरकीची, पण इथे कुणाला औषध लिहून देणार नाही.

लाल बाण कुठे सुरू होतो हे ठरलेलं नाही, हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१० च्या शेवटी अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने अहवाल दिला. त्यांच्या मते हाडांसाठी २० नॅनोग्रॅमला जवळजवळ सगळ्यांचं भागतं, १२ च्या खाली मात्र धोका. लगेच २०११ मध्ये एंडोक्राइन सोसायटीने (संप्रेरकांच्या डॉक्टरांची संघटना) २० च्या खाली कमतरता, ३० च्या वर पुरेसं, असं सांगितलं. एका रात्रीत २५ वाला निरोगी माणूस 'अपुरा' झाला. २०२४ मध्ये त्याच सोसायटीने ३० चा आग्रह सोडला, आणि निरोगी प्रौढांनी सरसकट ही तपासणी करू नये असंही म्हटलं. लाल बाण छापणाऱ्या संगणकाला हे कुणी कळवलेलं नसतं.

२० चाही अर्थ चुकीचा लावला जातो. सरासरी माणसाची गरज साधारण १६ ला भागते. २० ही रेघ ज्यांची गरज जास्त आहे त्यांनाही सामावून घ्यायला वर ओढलेली आहे. म्हणजे १९ वाला प्रत्येक माणूस आजारी नाही. उलट ६ वाला जवळपास नक्की अडचणीत आहे. ह्या दोघांना एकाच शब्दात 'कमी' म्हणतात, तिथेच सगळा घोळ आहे.

तिरकस ह्यांच्याशी बराचसा सहमत. फक्त एक. ज्यांना बघायलाच हवं अशी माणसं असतात: घरात खिळलेले वयस्कर, पूर्ण अंग झाकून राहणारे, फिट्सच्या किंवा क्षयाच्या काही औषधांवर असणारे, सिलिॲक (ग्लूटेन न सोसणारा आतड्याचा आजार) असलेले, वजनासाठी पोटाची शस्त्रक्रिया झालेले, यकृत-मूत्रपिंडाचे रुग्ण, गरोदर बायका, अंगावर पिणारी बाळं. ओसरींच्या आई ह्यातल्या दोन गटांत बसत होत्या, तरी वर्ष गेलं. चाचण्या गरज नसलेल्यांच्या होतात आणि गरज असलेल्यांच्या राहतात.

तिरकस

शेवटचं वाक्य चोरून नेतोय.

दुपारची_सावली

एवढे प्रतिसाद झाले आणि उन्हाचं नाव नाही! सकाळी सातचं कोवळं ऊन खायचं, काचेतून आलं तरी चालतं, असं लहानपणापासून ऐकत आलोय. मी रोज खिडकीत अर्धा तास बसते. तरी १४. हे कसं काय?

परीक्षानळी

सावलीताई, आयडीतच उत्तर आहे तुमच्या.

कातडीतल्या ७-डीहायड्रोकोलेस्टेरॉलवर अतिनील-ब किरण पडले तर ड बनायला सुरुवात होते. खिडकीची साधी काच हे किरण जवळजवळ सगळे अडवते. ऊब येते, उजेड येतो, ड येत नाही. आणि सूर्य खाली असताना किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात, तेव्हा अतिनील-ब वाटेतच ओझोन गिळून टाकतो. कोवळं ऊन कोवळंच. ठोकताळा असा की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तोवर फार काही बनत नाही. सावली आखूड झाली की बनतं, म्हणजे दुपारच्या आसपास.

बॉस्टनला १९८८ मध्ये हेच तपासलं होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आकाश निरभ्र असलं तरी कातडीत ड बनलंच नाही. विषुववृत्तापासून जितकं लांब जाल तितका हा हिवाळा लांबतो.

दुपारची_सावली

म्हणजे चौदा वर्षं खिडकीत फुकट बसले. वर्षाला एक नॅनोग्रॅम पडला.

मधली_सुट्टी

सावली :)) पण कृपया हे वाचून कुणी भर दुपारी तासभर तळून घेऊ नका. कातडीत एका मर्यादेनंतर जास्तीचं बनत नाही. बनायला लागलेलं उन्हातच मोडून ल्युमिस्टेरॉल वगैरे निरुपयोगी गोष्टी होतात. म्हणून उन्हाने ड ची विषबाधा होत नाही. पण भाजणं, सुरकुत्या आणि कातडीचा कर्करोग ह्यांना अशी मर्यादा नाही. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ, लाल व्हायच्या कितीतरी आधी सावलीत. गडद कातडीला जास्त वेळ लागतो, कारण मेलॅनिन हे अंगचंच सनस्क्रीन. वय वाढतं तसा कच्चा मालही कमी होतो. त्यामुळे मिनिटांचं एकच कोष्टक सगळ्यांना देता येत नाही, कुणी देत असेल तर ते थापा मारताहेत.

चिमणचारा

बाळ चार महिन्यांचं, फक्त अंगावरचं दूध. आईच्या दुधात ड फार कमी असतं म्हणून रोज ४०० युनिटचे थेंब दिले आहेत. नवी बाटली आणली, आतला ड्रॉपर आधीपेक्षा वेगळा आहे. जुन्या बाटलीतून १ मिली द्यायचो. हिलाही तसंच चालू ठेवू ना?

निशाचर७

थांबा! आजचा डोस द्यायच्या आधी खोक्यावर वाचा: '४०० युनिट प्रति मिली' आहे की '४०० युनिट प्रति थेंब'? दोन्ही प्रकार मिळतात. दुसरं असेल तर एक मिलीमध्ये पंचवीस-तीस डोस जातील.

चिमणचारा

प्रति थेंब आहे. अजून उघडली नव्हती. हात थरथरतायत. धन्यवाद, खूप खूप धन्यवाद. औषधाच्या दुकानात कुणी काही बोललं नाही.

निशाचर७

घाबरू नका, काही झालेलं नाही. ही चूक इतकी सहज होते की २०१० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फक्त ड्रॉपरबद्दल पालकांना जाहीर इशारा दिला होता. बाटलीवर मोठ्या अक्षरात 'एक थेंब' असं लिहून चिकटवा. बाळाला दुसऱ्या कुणी औषध दिलं तरी गोंधळ होणार नाही.

रिकामी_बाटली

हे वाचून लिहायलाच हवं असं वाटलं. माझ्या काकांना आठवड्याला एक अशी मोठी गोळी दिली होती, पन्नास-साठ हजार युनिटवाली, आठ आठवड्यांसाठी. चिठ्ठीवरचं अक्षर काकांनी 'रोज एक' असं वाचलं. संपल्या की पुन्हा आणायचे, कारण "अंगात जोर वाटतो".

अडीच-तीन महिन्यांनी जेवण जाईना. सारखी तहान, रात्रीतून सहा-सात वेळा लघवीला. बद्धकोष्ठ. मग एक दिवस स्वतःच्या मुलाला भावाच्या नावाने हाक मारायला लागले. आम्हाला वाटलं स्मृतिभ्रंश. रक्तातलं कॅल्शियम १३ च्या वर निघालं, १०.५ च्या आत हवं. मूत्रपिंडाचे आकडे बिघडलेले. आठवडाभर सलाइन. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट म्हणजे गोळ्या बंद केल्या तरी हे लगेच ओसरत नाही. ड चरबीत साठतं आणि हळूहळू बाहेर पडत राहतं. कॅल्शियम जागेवर यायला दोन महिने लागले. आता बरे आहेत. मुलाला नावाने हाक मारतात, बहुतेक ओरडायलाच.

ब जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीतून जातं असं आपण सर्रास म्हणतो, तोच हिशेब इथे लावला जातो. तो लागू नाही.

तिरकस

रिकामी_बाटली, हे वाचून माझा तिरकसपणा जरा सरळ झाला.

ह्याच्याच जोडीला एक: २०१० मध्ये सत्तरीपुढच्या २,२५६ बायकांवर झालेली चाचणी आहे. वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस दिला, पडणं आणि हाडं मोडणं कमी होईल म्हणून. दोन्ही वाढलं. जास्त पडल्या त्या डोसनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत. हाडं सांधायला घेतलेलं औषध हाडं मोडून गेलं. "दर वर्षी कोर्स करतो" म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे वाचायला द्या, ओसरी.

कोरा_कागद

मग घ्यायचं तरी किती?

निशाचर७

रोजची गरज सत्तरीपर्यंत ६०० युनिट, त्यापुढे ८००, तान्ह्यांना ४००. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, डबीवर दोन्हींपैकी काहीही छापलेलं असतं. प्रौढांनी डॉक्टरांना न विचारता रोज ४००० च्या वर जाऊ नये. ही सवय लावून घ्यायची रेघ नव्हे, पलीकडे न जायची आहे. खरी कमतरता असेल तर मोठे डोस लागतात, पण ते ठरावीक आठवडे, आणि मग तीनेक महिन्यांनी पुन्हा तपासणी. दर पंधरा दिवसांनी रक्त काढून काही कळत नाही, आकडा तितक्यात स्थिर होत नाही.

सार्कॉइडोसिस (अवयवांत दाहाच्या गाठी होणारा आजार), मुतखड्याचा त्रास किंवा आधीच कॅल्शियम वाढलेलं असेल तर स्वतःच्या मनाने ४०० सुद्धा नको.

पानगळ

शाकाहारी माणसाने कुठून मिळवायचं? आणि के२ (के जीवनसत्त्वाचा एक प्रकार) बरोबर घेतलं नाही तर कॅल्शियम रक्तवाहिन्यांत साचतं म्हणतात ते?

परीक्षानळी

अन्नातून मुळातच कमी. तेलकट मासे सोडले तर अंड्याच्या बलकात साधारण ४० युनिट, म्हणजे नुसत्या अंड्यांवर ६०० गाठायला दिवसाला पंधरा. अळिंबीला अतिनील किरणांत ठेवलं तर तिच्यात ड२ (ड चाच एक प्रकार) तयार होतं, अंधारात वाढलेलीत फारसं नसतं. ड मिसळलेलं दूध किंवा तेल मिळत असेल तर ते. गोळीत ड३ सहसा लोकरीतल्या मेणापासून येतं, शैवाल-दगडफुलापासून बनवलेलंही मिळतं. काही खाल्ल्यावर घ्या, चरबीत विरघळणारी गोष्ट आहे.

के२ बद्दल: नेहमीच्या डोसबरोबर ते घ्यायलाच हवं असं कुठलीही मोठी मार्गदर्शिका सांगत नाही. वॉर्फरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू असेल तर के च्या वाटेला न विचारता जाऊच नका.

जुना_ठेवा

थोडं अवांतर, पण मला राहवत नाही.

१९१९ साली बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या दिव्यासमोर बसवलं. हाडं भरून आली. मग त्याने एका हातावरच प्रकाश टाकला. दोन्ही हातांची हाडं सुधारली. कातडीत काहीतरी बनतं आणि रक्तातून सगळीकडे जातं, हे त्या दुसऱ्या हाताने सांगितलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये मेलनबी कुत्र्याच्या पिल्लांना घरात ठेवून, ओटवर वाढवून मुडदूस आणत होता आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने बरा करत होता. श्रेय त्याने अ जीवनसत्त्वाला दिलं. १९२२ मध्ये मॅककॉलमने त्या तेलातलं अ तापवून, हवा घालून मारून टाकलं, तरी मुडदूस बरा झाला. म्हणजे आत आणखी कुणीतरी होतं. अ, ब, क नावं गेलेली, म्हणून ड.

तर, दिवा आणि तेल एकच काम करतात हे कळायलाही काही वर्षं गेली. आपण एका रिपोर्टावर भांडतोय.

मधली_सुट्टी

असं अवांतर रोज चालेल. वाचनखूण साठवली.

दुपारची_सावली

ओसरी, तुम्ही कुठे गेलात? आई कशा आहेत आता?

ओसरी

इथेच आहे, सगळं वाचतेय. नातेवाइकांच्या गटात बरंचसं ढकललंसुद्धा.

आईला मोठे डोस, सोबत कॅल्शियम आणि फिट्सच्या गोळीबद्दल मेंदूच्या डॉक्टरांचा सल्ला, असं चाललंय. तीन महिन्यांनी तपासलं, ६ चे २७ झाले. अल्कलाइन फॉस्फटेज अजून पूर्ण उतरलेलं नाही, हाडं भरायला वेळ लागतो म्हणाले. रोजचा छोटा डोस आता कायमचा.

तिला २७ चं काही नाही. साधारण सहाव्या आठवड्यात ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसली होती, दारावरची बेल वाजली. मी हात पुसेपर्यंत ती दारापाशी पोचलेली. मांड्यांवर हात टेकवल्याचं मला दिसलंच नाही. मी म्हटलं, "आई, तू हात न लावता उठलीस!" तर म्हणाली, "मग? हातात चहाचा कप होता ना."